फवारणीआधी अळी ओळखा

"मॅडम, बेडका कशाले पाह्यजे? ताप हाय, खोकला हाय. एक सुई मारा अन् मोकळं करा ना जी."

साठीचे काकाजी, खांद्यावर दुपट्टा, हातात मी दिलेली प्लास्टिकची डबी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात लॅब टेक्निशियन आहे. सुई मारणं माझं काम नाही हे त्यांनाही ठाऊक होतं, पण डॉक्टरांकडे शब्द टाकायला लॅबवाली बाई बरी पडते. मी म्हटलं, "काकाजी, यंदा पऱ्हाटीवर काय काय फवारलं?" गडी एकदम खुलला. तुडतुड्यांना काय, पांढऱ्या माशीला काय, बोंडअळीला काय, पंपाला किती मिली, सगळं तोंडपाठ. मग विचारलं, "अन् अळीवर तणनाशक मारलं असतं तर?" ते हसले. "अळी मरन का तेच्यानं? पऱ्हाटीच मरन."

"मग तुमच्या छातीत कोण बसलंय ते न पाहता डॉक्टरांनी काय फवारायचं?"

ते काही न बोलता डबी घेऊन बाहेर कडुनिंबाखाली गेले. मी मागून ओरडले, "थुंकी नको बरं काकाजी, छातीतून काढा!" हे वाक्य मी रोज दहादा ओरडते. लाळेत आम्हाला काहीच सापडत नाही.

संसर्गजन्य रोगांचं शास्त्र आपल्याकडच्या शेतकऱ्याला अर्धंअधिक येतं, असं माझं मत आहे. कीड आणि बुरशी वेगळी, औषध वेगळं, एकच औषध सारखं मारलं की कीड त्याला भीक घालत नाही, हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही. स्वतःच्या अंगाची पाळी आली की मात्र सगळ्याला एकच शब्द, "इन्फेक्शन", आणि सगळ्यावर एकच उपाय, "सुई-सलाईन". हा लेख त्या उरलेल्या अर्ध्यासाठी.

घोटाळा शब्दापासूनच सुरू होतो. आपण "जंतू" म्हणतो तेव्हा त्यात निदान पाच वेगळ्या जातींची मंडळी कोंबतो आणि त्यांच्यात माणूस आणि बाभूळ यांच्याएवढं अंतर असतं. त्यात पुन्हा पोटातले ते "जंत" आणि रोगाचे ते "जंतू". जंत हे उघड्या डोळ्यांना दिसणारे कृमी. लेकरांच्या पोटातला गोल जंत वीत-दीड वीत लांब असू शकतो. बाकीच्यांना पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो.

किती लहान, याचा अंदाज यावा म्हणून मी शाळेतल्या पोरांना एक हिशोब सांगते. सगळं जग चाळीस हजार पट मोठं झालं असं समजा. मग विषाणू, म्हणजे व्हायरस, होईल ज्वारीच्या दाण्याएवढा. जिवाणू, म्हणजे बॅक्टेरिया, नागपुरी संत्र्याएवढा. आपल्या रक्तातली एक तांबडी पेशी चुलीवरच्या भाकरीएवढी. आणि डोक्याचा एक केस? तो बैलबंडीच्या लांबीएवढा जाड. म्हणजे केसाच्या जाडीत आडवे मांडले तर चाळीसेक जिवाणू मावतील आणि विषाणू आठशे. माझ्या टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकातून संत्रं दिसतं, भाकरी दिसते, ज्वारीचा दाणा दिसत नाही. डेंग्यूचा विषाणू "काचेवर दाखवा" म्हणणाऱ्यांना म्हणूनच मी नाही म्हणते. त्याच्या खुणा रक्तात शोधाव्या लागतात.

जिवाणू हा एकाच पेशीचा, पण पुरता संसारी जीव. खातो, वाढतो, मधोमध दुभंगून एकाचे दोन होतो. त्याला स्वतःची भिंत असते, स्वतःची चूल असते. बहुतेक जिवाणू आपलं काहीच बिघडवत नाहीत. दुधाचं दही तेच लावतात, आणि आपल्या अंगावर-आतड्यात आपल्या स्वतःच्या पेशींइतकेच, कदाचित थोडे जास्तच, जिवाणू कायमचे वस्तीला असतात. रोग करणारे त्यातले मूठभर. टीबी, कॉलरा, टायफॉइड, धनुर्वात, कुष्ठरोग ही त्यांची कामं.

विषाणूचं सगळं वेगळं. त्याला घर नाही, चूल नाही, भूक नाही. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते ना, तसा हा आपल्या पेशीत नुसती आपली नक्कल करण्याची कृती सोडतो आणि पेशी बिचारी स्वतःची कामं टाकून त्याची पिल्लं काढत बसते. सर्दी, फ्लू, गोवर, कांजण्या, डेंग्यू, कावीळ (पाण्यातून येणारी), रेबीज हे सगळे विषाणूचे. अँटिबायोटिक हे औषध जिवाणूची भिंत फोडतं किंवा त्याची चूल विझवतं. ज्याला भिंतही नाही आणि चूलही नाही, त्याचं ते काय वाकडं करणार? सर्दीला अँटिबायोटिक म्हणजे अळीवर तणनाशक. मरायचे ते पोटातले गरीब, उपयोगी जिवाणूच मरतात आणि वर जुलाब लागतात.

तिसरी बुरशी. गजकर्ण, नायटा ही तिची कामं. ती कातडीच्या वरच्या मेलेल्या थरावर जगते आणि घामट, दमट जागा शोधते: जांघ, काख, कंबर. गावोगावच्या मेडिकलमध्ये मिळणाऱ्या "खाजेच्या ट्यूब"बद्दल मला फार राग आहे, तो इथंच काढून घेते. त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं असतं. स्टिरॉइडनं खाज आणि लाली दोन दिवसांत बसते, कारण ते आपल्या शरीराच्या राखणदारालाच झोपवतं. राखणदार झोपला की बुरशी निवांत पसरते. रुपयाएवढा चट्टा महिन्याभरात ताटाएवढा होऊन लोक येतात आणि म्हणतात, "ट्यूब लावली की बरं वाटते, सोडली की येते."

चौथे एकपेशीय परजीवी. मलेरियाचा तो त्यातला. तो जिवाणूपेक्षा पुष्कळ गुंतागुंतीचा, अर्धा जन्म डासात आणि अर्धा माणसात काढणारा. रोनाल्ड रॉस या डॉक्टरनं सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या पोटात त्याला पकडलं. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात त्याची जी जात जास्त सापडते, तिला फॅल्सिपेरम म्हणतात. मेंदूवर जाणारी हीच. काचेवर तिची काही रूपं अगदी केळ्यासारखी वाकडी दिसतात, एकदा पाहिली की विसरत नाहीत. जाता जाता सांगते, आपल्याकडे घरोघर ऐकू येणारा सिकलसेल हा जंतूचा रोग नाही, तो आईबापाकडून येतो. पण ज्याला एकाकडूनच तो दोष मिळाला आहे, तो माणूस याच फॅल्सिपेरमच्या गंभीर मलेरियापासून बराच वाचतो. मलेरियाच्या मुलखात हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला, तो त्यामुळेच.

पाचवे ते जंत. त्यांच्याकडे पुढे येते.

आता, कोणत्या रोगाला कोण जबाबदार हे ठरवलं कसं? जंतू दिसले तेव्हा त्यांच्यावर कोणाचा संशयही नव्हता. हॉलंडच्या डेल्फ्ट गावचा लेवेनहुक हा कापडाचा व्यापारी. सुतावर नजर ठेवायला भिंग लागायचं, त्याचा नाद लागला आणि १६७०च्या दशकात त्यानं पाण्याच्या थेंबात वळवळणारे जीव पाहिले. लंडनच्या विद्वानांना पत्रं लिहून कळवलं. मग दोनशे वर्षं त्याचं पुढं फारसं काही झालं नाही. माणसं मरत होती, युरोपात "वाईट हवे"ला दोष होता आणि आपल्याकडे मरीमायचा कोप. गावाच्या शिवेवरची मरीमाय अजून आहे, लोक नारळ फोडतात. मला त्याचं हसू येत नाही. सकाळी धडधाकट माणूस संध्याकाळी चितेवर जात असेल आणि कारण दिसत नसेल, तर कोणीही हात जोडेल.

जर्मनीतला रॉबर्ट कॉक हा मोठ्या विद्यापीठातला प्राध्यापक नव्हता. आमच्यासारखाच लहान गावातला सरकारी डॉक्टर. भागातली जनावरं फाशीनं, म्हणजे अँथ्रॅक्सनं, पटापट मरत होती. घरातच प्रयोगशाळा थाटून त्यानं मेलेल्या जनावराच्या रक्तात काड्यांसारखे जिवाणू पाहिले. पण दिसले म्हणजे दोषी ठरले असं नाही. चोरी झाली तिथं गर्दीतले शंभर जण असतात. म्हणून त्यानं ते वेगळे काढून वाढवले, धडधाकट उंदरांना टोचले, उंदीर त्याच रोगानं मेले आणि त्यांच्या रक्तात पुन्हा त्याच काड्या निघाल्या. आजारी अंगात सापडला पाहिजे, वेगळा वाढवता आला पाहिजे, निरोग्याला दिला की तोच रोग झाला पाहिजे आणि तिथून पुन्हा तोच निघाला पाहिजे, अशी ही चौकशी. साल १८७६. त्याच वर्षी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात गाडगेबाबांचा जन्म झाला. योगायोगच, पण मला आवडतो. एकानं रोगाचा धनी शोधला, दुसऱ्यानं हातात खराटा घेऊन त्याची वाट झाडली.

२४ मार्च १८८२ला कॉकनं टीबीचा जिवाणू जाहीर केला. तोवर तो कोणाला दिसला का नव्हता, ते माझ्या रोजच्या कामात कळतं. या जिवाणूच्या अंगावर मेणासारखा चिवट थर आहे. तेलकट हाताला पाणी लागत नाही, तसा त्याला साधा रंगच लागत नाही. म्हणून आम्ही काकाजींचा बेडका घेतो, त्यातला पिवळट घट्ट भाग काडीनं उचलून काचेवर पातळ पसरतो, वाळवतो, ज्योतीवरून फिरवून पक्का करतो. वरून लालभडक फुक्सिन ओततो आणि खालून आच देतो, वाफ निघेपर्यंतच. उकळी येऊ द्यायची नाही. उष्णतेनं मेण जरा सैल होतं आणि रंग आत शिरतो. पाच मिनिटांनी धुतो आणि मग गंधकाम्ल ओततो. आम्लानं काचेवरचं बाकी सगळं, पेशी, कफ, इतर जिवाणू, रंग सोडून पांढरं पडतं. टीबीचा तेवढा सोडत नाही. आत गेलेला रंग त्याचं मेणच बाहेर येऊ देत नाही. शेवटी निळा रंग. डोळा लावला की निळ्या आभाळात बारीक लाल काड्या, कधी एकटी, कधी दोन-तीन एकमेकींना टेकून. त्याच्या लपण्याच्या सोंगानंच तो पकडला जातो.

शंभर ठिकाणं फिरून पाहायची असतात. एका मिलिलिटरमध्ये पाच-दहा हजार जिवाणू असतील तेव्हा कुठे असा काचेवर सापडतो. म्हणून आता ट्रूनॅटचं यंत्र आलंय, ते त्याचा जनुकीय ठसा शोधतं आणि मुख्य औषधाला तो दाद देणार की नाही तेही तासा-दोन तासांत सांगतं. तरी मला अजून काचच आवडते.

कॉकच्या चौकशीत न बसणारा एक आरोपी मात्र आपल्याच भागात फार ओळखीचा. कुष्ठरोग. त्याचा जिवाणू नॉर्वेच्या हॅन्सननं १८७३ साली, म्हणजे टीबीच्याही आधी, पाहिला. पण तो आजतागायत कोणालाही काचेच्या बशीत वाढवता आलेला नाही. १९७१मध्ये तो वाढला तो अमेरिकेतल्या आर्माडिलो नावाच्या, खवल्यामांजरासारखं चिलखत घातलेल्या प्राण्यात, कारण त्याचं अंग थंड असतं आणि या जिवाणूला थंड जागा आवडते. म्हणूनच तो माणसातही कानाची पाळी, नाक, हातपाय धरतो. त्याला एकाचे दोन व्हायला जवळजवळ दोन आठवडे लागतात. आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूला सोयीची जागा मिळाली की वीस मिनिटं लागतात. या एका फरकात किती गोष्टी बसतात पाहा: शिळ्या अन्नाचा त्रास काही तासांत, कुष्ठरोग अंगात शिरल्यावर दिसायला सरासरी पाच वर्षं. इतक्या वर्षांनी चट्टा उठला तर "कोणाकडून लागला" हे कोण सांगणार? मग लोक पूर्वजन्मीच्या पापावर ढकलत होते. खरं तर शंभरांतल्या सुमारे पंच्याण्णव जणांना हा रोग जिवाणू शिरला तरी होतच नाही. वरोऱ्याजवळ आनंदवनात बाबा आमट्यांनी, वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी रोग्यांना जवळ केलं तेव्हा पक्की औषधंही हाती नव्हती. आज सहा महिने किंवा वर्षभराच्या गोळ्यांत रोग बरा होतो, आणि औषध सुरू होताच थोड्या दिवसांत त्याचं पसरणं थांबतं.

वीस मिनिटांचा हिशोब मात्र एकदा कागदावर मांडून पाहाच. रात्री दहाला एक जिवाणू, सकाळी पाचला वीस लाखांच्या वर. महाप्रसादाची वांग्याची भाजी उन्हाळ्याच्या रात्री पातेल्यात झाकून ठेवली की आत हेच चालतं. "गरम करून खाल्ली ना आम्ही!" असं सांगत लोक येतात. पण काही जिवाणू अन्नात विष ओकून ठेवतात. वाढप्याच्या बोटावरच्या केसतुडातून येणारा स्टॅफिलोकॉकस त्यातला. उकळल्यावर तो मरतो, त्यानं ओकलेलं विष मरत नाही. खाल्ल्यावर दोन-चार तासांतच उलट्या सुरू झाल्या तर समजा, जंतू नाही, त्याचं विष पोटात गेलंय.

धनी कळला तरी रोग थांबवायला खरं कामाला येते ती त्याची वाट. आणि गंमत म्हणजे धनी न कळताही वाट अडवता येते. १८५४मध्ये लंडनच्या एका वस्तीत कॉलरा उसळला, तेव्हा जॉन स्नो या डॉक्टरनं घरोघरी फिरून मेलेल्यांचा नकाशा मांडला. सगळे एका पंपाभोवती. त्यानं पंपाचा दांडाच काढायला लावला. कॉलऱ्याचा जिवाणू कॉकनं दाखवून दिला तो त्याच्यानंतर तीसेक वर्षांनी.

आपल्या गावाचा पंप म्हणजे नळाचा खड्डा. उन्हाळ्यात पाण्याला जोर नसतो, म्हणून दारापुढं खड्डा खणून नळ खाली उतरवतात आणि त्यात उतरून गुंडी भरतात. पावसाळ्यात त्या खड्ड्यात रस्त्याचं, नालीचं, गोठ्याचं पाणी साचतं. टाकीचं पाणी बंद झालं की पाइपातलं पाणी उतारानं खाली ओसरतं आणि मागं पोकळी होते. स्ट्रॉनं ताक ओढतो ना, तसा तो पाइप नळाच्या तोंडाशी आणि प्रत्येक फुटक्या सांध्याशी असलेलं गाळाचं पाणी आत ओढून घेतो. दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं की पहिली गुंडी त्याच पाण्याची. टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकली होती, क्लोरीन आहे का ते पाहणाऱ्या ओटी चाचणीत टाकीचं पाणी पिवळं आलं होतं, रजिस्टरला सही होती. गॅस्ट्रो तरी आला, कारण गडबड टाकीच्या पुढं होती. पावडरीचंही ऐकून ठेवा. पोतं उघडं, ओल्या खोलीत पडलं की तिचा क्लोरीन उडून जातो आणि चुना उरतो. वास आला नाही तर ती पावडर भिंतीला लावायच्या लायकीची. २०२२च्या जुलैमध्ये मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी गावांत कॉलऱ्यानं माणसं दगावली. नळाचं पाणी नव्हतं म्हणून लोक उघड्या विहिरीचं पाणी पीत होते. कॉलऱ्याचा जिवाणू आतड्याला भोक पाडत नाही. त्याचं विष आतड्याचा नळ उघडा सोडून देतं आणि अंगातलं पाणी-मीठ वाहून जातं. माणूस मरतो तो कोरडा पडून. म्हणून मीठ-साखरेचं पाणी, ओआरएस, इथं सुईपेक्षा मोठं औषध आहे.

डासांचीही प्रत्येकाची आपली वाट. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. विदर्भात त्याची हक्काची जागा कूलर. मृग लागला की कूलर बंद होतो, टबात तळाशी दोन बोटं पाणी तसंच राहतं. पाणी ओतून दिलं तरी काठाला चिकटलेली अंडी कोरडीच महिनोन्‌महिने टिकतात आणि पुढच्या उन्हाळ्यात पाणी भरताच फुटतात. टब घासल्याशिवाय ओतण्याला अर्थ नाही. हत्तीपायाचा डास उलटा, नालीच्या घाण पाण्यातला, रात्रीचा. माझी पहिली नेमणूक भंडारा जिल्ह्यात होती. तिथं आम्ही रात्री दहानंतर दारं ठोठावून बोटातून रक्त घ्यायचो आणि शिव्या खायचो. "दिवसा काय झोपा काढता का?" पण हत्तीपायाच्या जंताची पिल्लं दिवसा फुप्फुसाच्या खोल रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री, बरोबर डासाच्या जेवणाच्या वेळी, कातडीजवळच्या रक्तात येतात. त्यांना घड्याळ कोणी दिलं, हा विचार मी तेव्हा कंदिलाच्या उजेडात फार करायची.

काही वाटा तर दिसतही नाहीत. नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावाचं नाव जगभरच्या विषाणूंच्या पुस्तकांत आहे. १९६५ साली तिकडच्या तापाच्या रोग्यांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला, तो चांदीपुरा. मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्यात राहणारी, डासाहून बारीक वाळूमाशी त्याला वाहते. बहुतेक लेकरांनाच धरतो आणि मेंदूवर गेला तर एक-दोन दिवसांत लेकरू हातचं जातं. त्याच्यावर नेमकं औषध नाही. भेगा लिंपणं आणि मच्छरदाणी हाच इलाज.

स्क्रब टायफस या तापाचं उलट आहे: औषध साधं, स्वस्त, पण ओळखता आला तर. २०१८मध्ये नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत त्यानं धुमाकूळ घातला. काही वर्षांपूर्वी एक बाई आठ दिवसांचा ताप घेऊन आली. त्याआधी दोन ठिकाणी सहा सलाईन, तीन रंगांच्या गोळ्या, एकात अँटिबायोटिकही. मी रक्त घेत असताना म्हणाली, "ताई, परकराच्या नाडीखाली खपली धरली, दुखत नाही पन जात बी नाही." मी डॉक्टरांना बोलावलं. विडीचा चटका बसावा तशी काळी गोल खपली. धुऱ्यावरच्या गवतातल्या चिगर नावाच्या, लाल ठिपक्याएवढ्या, माइट या बारीक किड्याच्या पिल्लानं चावलेली ती जागा. पावसाळा सरता सरता, निंदणाला गवतात बसणाऱ्या बायांना हा धोका जास्त. याचा जिवाणू आपल्या पेशीच्या आत शिरून राहतो, पेनिसिलीनच्या घरातली औषधं त्याला लागूच पडत नाहीत. डॉक्सिसायक्लिन लागतं. तिसऱ्या दिवशी तिचा ताप उतरला होता. आठ दिवस तिच्यावर फवारणी चालू होती, फक्त दुसऱ्याच किडीची.

बी पडलं म्हणून उगवतंच असं नाही, हेही शेतकऱ्याला सांगायला नको. टीबीचा जिवाणू छातीत शिरलेल्या शंभरांपैकी पाच-दहा जणांनाच आयुष्यात कधी तरी टीबी होतो. बाकीच्यांत तो दडपून राहतो. जमीन कशानं तयार होते? मधुमेह, दारू, तंबाखू, एचआयव्ही आणि सगळ्यांत जास्त, उपाशी पोट. झारखंडमध्ये टीबीच्या रोग्यांच्या घरच्यांना दर महिन्याला धान्य-डाळ देऊन पाहिलं, २०२३मध्ये त्याचा निकाल आला: त्या घरांत नवा टीबी जवळपास ४० टक्क्यांनी कमी. गोळी नाही, तांदूळ आणि डाळ. धनुर्वाताचं बी तर शेणामातीत कायमचंच असतं. खिळा गंजलेला असो की नवा कोरा. जखम खोल आणि आत हवा नसलेली, एवढंच त्याला पुरतं.

आणि आता बोंडअळी. बीटी, म्हणजे अळीचं विष स्वतःच्या अंगात घेऊन उगवणारी पऱ्हाटी, आली तेव्हा सुरुवातीची वर्षं बोंड फोडून पाहिलं तरी अळी नसायची. पाकिटासोबत बिगरबीटीचं, "रेफ्युजी"चं बी यायचं, बांधाच्या कडेनं लावायला, म्हणजे बीटीनं मरणाऱ्या साध्या अळ्याही टिकून राहाव्यात. कोणी लावलं? २०१७च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं यवतमाळ झोडपलं. अळीनं काही डोकं चालवलं नव्हतं. लाखांतल्या दोन-चार अळ्या आधीपासूनच बीटी पचवू शकत होत्या, बाकीच्या मेल्या आणि रान त्यांना मोकळं झालं. अँटिबायोटिकचं तेच. गरज नसताना घेतलं, कमी घेतलं, ताप उतरला म्हणून अर्धा पत्ता देवळीत ठेवून पुढच्या वेळी लेकराला दिला, की अंगातले कच्चे जिवाणू मरतात आणि पक्के तेवढे उरतात. इथपर्यंत तुलना जुळते. पुढं जिवाणू अळीपेक्षा वाईट: अळी फक्त आपल्या पिलांना गुण देते, जिवाणू शेजारच्या परक्या जातीच्या जिवाणूलाही तो गुण उसना देतो, जसं आपण चांगलं बी देतो तसं. आणि अळीची एक पिढी महिन्याची, त्याची वीस मिनिटांची.

काकाजींची काच त्या दिवशी दुपारी पाहिली. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एक-दोन लाल काड्या. गोळ्या सुरू झाल्या, सहा महिन्यांच्या. टीबीचा जिवाणू वीसेक तासांनी एकदा दुभंगतो आणि पुष्कळसे तर झोपूनच असतात. झोपलेल्याला औषध सहजासहजी मारत नाही, तो जागा व्हायची वाट पाहावी लागते, म्हणून इतके दिवस.

दोन महिन्यांनी ते पुन्हा डबी घेऊन आले. वजन तीन किलो वाढलं होतं, खोकला गेला होता, आणि अर्थातच, "आता बंद केल्या तर चालते ना जी?" मी जुनी काच कपाटातून काढली, नवी तिच्याशेजारी ठेवली आणि त्यांना स्टुलावर बसवलं. चष्मा काढा म्हटलं, एक डोळा मिटा म्हटलं. बराच वेळ त्यांना स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या. मग एकदम थांबले.

"हे लाल?"

"तेच."

दुसरी काच लावली. निळंच निळं. त्यांनी पुन्हा पहिली लावायला सांगितली, पुन्हा दुसरी. मग दुपट्ट्यानं डोळा पुसला आणि विचारलं, "हे जुनी काच घरी नेऊ का? बुढीले दाखोतो. तिले वाटते मी उगाच गोया खातो."

नेता येत नाही, काचा फेरतपासणीला वर पाठवाव्या लागतात, असं सांगितलं. ते म्हणाले, "मंग तिलेच घेऊन येतो सोमवारी. तवरोक फेकू नका."